भुईची खूण

धाराशिवच्या त्या ऑफिसात बोलायला कुणाची बंदी नव्हती, तरी दिवसभर कुणी तोंड उघडत नसे. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला चहाला येतोस का, एवढं विचारायचं तरी लोक चॅटवर लिहीत. वीसेक माणसं, समोर विम्याच्या दाव्यांचे स्कॅन केलेले कागद आणि पडद्याच्या कोपऱ्यात ती चॅटची खिडकी. पुण्याच्या मुख्य ऑफिसातली शेकडो माणसंही त्याच खिडकीत असत. दवाखान्याचं बिल वाचायचं, त्यातले आकडे रकान्यांत भरायचे, पुढचं बिल उघडायचं. कुणाचा मोडलेला पाय, कुणाचं मूतखड्याचं ऑपरेशन, कुणाचे अतिदक्षता विभागातले शेवटचे दोन दिवस, सगळं बोटांखालून जाई आणि संध्याकाळी त्यातलं काही आठवत नसे.

शबनम पठाण तिथं तीन वर्षं होती. येडशीहून रोज एसटीनं यायची. वडील शब्बीरभाई येडशीत स्टेशनच्या रस्त्याला शिलाईचं मशीन टाकून बसत. पोरीनं संगणकाची पदवी घेतली, कोड लिहायला शिकली आणि नोकरी लागली ती बिलांतले आकडे उतरवण्याची. शिकलेलं अगदीच गंजून जाऊ नये म्हणून जेवणाच्या सुट्टीत ती काहीबाही करत राही. त्यातूनच ती हलती चित्रं सुरू झाली.

पहिली झाली शेळी. काळी, लांब कानांची, आपल्याकडची उस्मानाबादी. चॅटवर कुणी काही विचारलं की खाली ही शेळी मान हलवून "व्हय" म्हणायची. चित्र नखाएवढं. शबनम ते हातानं काढत नसे, कोडनं काढी. अमक्या जागी काळा गोल, तमक्या जागी दोन लोंबते कान. पुढच्या चौकटीत डोकं तीन ठिपके खाली, त्याच्या पुढच्या चौकटीत आणखी दोन. अशा दहा-बारा चौकटी एकीमागं एक लावल्या की शेळीत जीव यायचा. वहीच्या कोपऱ्यात पाखरू काढून पानं फरफर सोडली की ते उडतं ना, त्यातलाच प्रकार. शेवटची चौकट संपली की पहिली परत सुरू व्हायची आणि बघणारा खिडकी मिटेपर्यंत शेळी मान हलवत राहायची.

शेळी लोकांना आवडली. मग वाफाळता चहाचा ग्लास झाला, टपावर माणसं बसलेली जीप झाली. ऑफिसचे साहेब रणधीर सर एकदा तिच्या टेबलापाशी थांबून म्हणाले, "तुझी बोटं नुसती बिलं भरायची न्हाईत, शबनम." तेवढंच. पगार होता तोच राहिला, काम होतं तेच राहिलं.

बसवेश बिराजदार आला तो दिवाळीनंतर. लोहारा तालुक्यातल्या सास्तूरचा. जन्मापासून त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलणंही आलं नव्हतं. दिव्यांगांसाठी राखलेल्या जागेवर तो लागला. रणधीर सरांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "आपल्याकडं सगळं चॅटवरच चालतं. ह्याला काय अडचण यायची?"

सगळ्यांना ते पटलं. पण अडचण आली. आकडे आणि बिलावरची नावं बसवेश बिनचूक उतरवायचा. वाक्यं मात्र त्याच्या हाताला लागत नसत. ज्यानं भाषा कधी कानानं ऐकलीच नाही, त्याला "जरा बघून घे" आणि "बघून घेतो तुला" यांतला फरक कुठून कळावा? एकदा कुणी सहज लिहिलं, "तुझी फाईल मी बघून घेतो," तर तो दिवसभर त्या माणसाकडं भेदरून बघत होता. स्वतः लिहायचा ते असं: "उद्या मी घर. आई ताप." लोक हसत नसत, पण उत्तर काय द्यावं ते त्यांना सुचत नसे. हळूहळू त्याला नुसता अंगठा पाठवू लागले. मग तोही पाठवेनासे झाले.

त्याची भाषा हातांत होती. दुपारी डबा उघडला की तो फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा करायचा आणि पडद्यावर त्याची आई यायची. लक्ष्मम्मा. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, डोक्यावरनं पदर. मग दोघांचे हात असे चालायचे की शबनम घास हातात धरून बघत बसे. सोलापूरच्या शाळेत तो ज्या खुणा शिकला त्या वेगळ्या. ह्या घरच्या होत्या. आईनं पोराबरोबर बसून एकेक घडवलेल्या. वडील महांतप्पा होते तोवर ही भाषा जाणणारी माणसं जगात तीन होती, आता दोनच उरली होती.

आई म्हणजे कपाळावरनं तीन बोटं फिरवायची, विभूती ओढल्यासारखी. पाऊस म्हणजे दहाही बोटं डोक्यावर नाचवायची. खोटं बोलू नको म्हणजे स्वतःचंच नाक चिमटीत धरायचं. शबनमला त्याच्या शेजारी बसून बसून ह्या खुणा कळायला लागल्या. एक दिवस तिनं त्याच्या फोनवर लिहिलं, "तुझे हात. चॅटवर चित्र. करू?"

बसवेशनं ते दोनदा वाचलं. मग कपाळापासून मागं तळहात नेला, ओढणी सारखी केल्यागत. शबनमला कळेना. त्यानं तिच्याकडं बोट केलं आणि तीच खूण परत केली. ते तिचं नाव होतं. केव्हा ठेवलं कुणास ठाऊक, पण त्याच्या घरी ती ह्याच नावानं ओळखली जात होती.

काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. एवढ्याशा चित्रात पाच बोटं काढली की एकमेकांत मिसळून त्यांचा गोळा व्हायचा. मग तिनं तोंड बारकं केलं आणि हात मोठे केले, अंगापेक्षा मोठे. पहिली खूण तयार करून दाखवली तर बसवेशनं नाही म्हणून मान हलवली. तिच्या चित्रातला हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वेगानं जात होता, रहाटगाडग्यासारखा. त्यानं तिच्यासमोर आपला हात उचलून दाखवला: निघताना जड, मध्येच झपकन, आणि थांबताना असा की पाखरू तारेवर बसावं. शबनमनं तो वेग कोडमध्ये उतरवला. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी पडद्यावरच्या हातानं कपाळावरनं तीन बोटं फिरवली, तेव्हा बसवेशच्या तोंडून आवाज निघाला. स्वतःचा आवाज त्याला ठाऊक नव्हता, त्यामुळे तो जरा मोठाच निघाला आणि सगळं ऑफिस दचकून वर बघायला लागलं.

त्या पावसाळ्यात तीसेक खुणा झाल्या. लोक त्या वापरू लागले. कुणी विचारायचं, जेवलास? आणि खाली चित्रातला हात भाकर थापायचा. बसवेश उत्तर द्यायचा, चेष्टा करायचा, उशिरा येणाऱ्याला नाक चिमटीत धरलेलं चित्र पाठवायचा. त्याचं मोठ्यानं हसणंही ऑफिसच्या अंगवळणी पडलं. ते तीन-चार महिने तसे बरे गेले.

सप्टेंबर संपत आला तेव्हा बसवेशनं तीस तारखेची रजा मागितली. शबनमनं कशाला म्हणून विचारलं. त्यानं डावा तळहात उताणा धरला, त्याच्यावर वीतभर उंच उजवा हात छपरासारखा धरला. दोन्ही हात थरथरू लागले. मग वरचा हात खालच्यावर पडला. आणि खालचा हात हळूच त्याच्याखालून निघून गेला. उरला तो वरचा, पालथा, रिकाम्या जागेवर.

ह्या जिल्ह्यात तीस सप्टेंबर कुणाला सांगावा लागत नाही. त्र्याण्णव साली विसर्जन आटोपून गावं निजली होती आणि उजाडायच्या आत भूकंपात भुईनं ती गिळली होती. शबनमचा जन्म त्याच्यानंतरचा, बसवेशचाही. तरी खुणेचा अर्थ तिला लागला. कोण गेलं, एवढंच कळलं नाही. त्यानं फोनवर लिहिलं: "भाऊ. गौरीशंकर. माझ्या आधी." जरा थांबून पुढं लिहिलं, "फोटो नाही. हे कर."

तिनं ते केलं. इतर कुठल्याही चित्रापेक्षा जास्त वेळ देऊन केलं. खालचा हात निघून जातो तिथं ती अडत होती. घाईनं गेला तर चोरासारखा वाटे, फार हळू गेला तर नाटकी. बसवेश शेजारी बसून परत परत करून दाखवायचा. झालं तेव्हा तो किती तरी वेळ पडद्याकडं बघत राहिला आणि मग मान डोलावली. आईला दाखवणार का, असं तिनं विचारलं. घरी गेल्यावर, स्वतःच्या हातानं दाखवीन, असं त्यानं खुणेनं सांगितलं.

शाखेच्या चॅटगटावर टाकायचं तर प्रत्येक चित्राला नाव द्यावं लागे. नाव लिहिलं की चित्र येतं, अशी ती सोय. "भाऊ मेला" असं लिहायला तिचा हात धजेना. तिनं लिहिलं, "गेलं."

पंधरवड्यानं रणधीर सरांनी तिला आत बोलावलं. धाराशिवची शाखा बंद करून सगळं काम पुण्याला न्यायचं घाटतंय, अशी कुजबुज उन्हाळ्यापासून होती. सरांचा चेहरा तेव्हापासून उतरलेला असे. त्या दिवशी मात्र ते खुशीत होते. "पुण्याच्या मोठ्या साहेबांनी तुझ्या त्या हातांबद्दल ऐकलंय. म्हणाले, हे सगळ्या कंपनीत वापरू. आपल्या शाखेचं नाव होईल, शबनम. सगळा गठ्ठा पाठवून दे."

"बसवेशला विचारते, सर."

"विचार की. त्याला काय, आनंदच होईल."

तिनं विचारलं आणि त्याला खरंच आनंद झाला. सगळी कंपनी माझ्या हातानं बोलणार, असं त्यानं दोन्ही हात पसरून सांगितलं. त्या एका खुणेचं तिनं वेगळं विचारलं नाही. पाठवताना यादीत "गेलं" दिसलं तेव्हा बोट क्षणभर थांबलं होतं. हे कोण कशाला वापरेल, असं वाटलं, आणि तिनं गठ्ठा तसाच पाठवला.

पुण्यातल्या लोकांना नेमकं तेच आवडलं. नेट बंद पडलं की गेलं. सामना हरला की गेलं. सुट्टी संपली, पगार संपला, कॅन्टीनमधले समोसे संपले, सगळ्यांखाली ते दोन हात थरथरायचे, छप्पर पडायचं, खालचा हात निघून जायचा आणि परत पहिल्यापासून. कुणी तरी त्या चित्राला लाल टोपी घातली. कुणी छपराला डोळे काढले. खुणेचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता आणि नावात तो होता तेवढा त्यांना पुरला.

बसवेशला पहिल्यांदा हे कळलंच नाही. एका दुपारी पुण्याच्या कुणा मुलीच्या संदेशाखाली त्यानं ते चित्र पाहिलं आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. त्यानं जपून, एकेक अक्षर दाबत लिहिलं: "दुःख झालं. कोण?" पलीकडून हसणारे चेहरे आले, ओळ भरून. मग कुणी लिहिलं, "समोसा." त्याच्याखाली आणखी दहाजणांनी हसणारे चेहरे टाकले.

तो शबनमकडं आला. तिनं जमेल तसं समजावलं: लोकांना ठाऊक नाही, त्यांच्या मनात वाईट काही नाही, मी आजच काढून टाकते. बसवेशनं ऐकल्यासारखं तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग तो हसला. आवाज न करता. फोनवर लिहिलं, "राहू दे. लोक खुश."

तिनं राहू दिलं. त्याच्या मनाविरुद्ध कशाला जा, असं तिनं स्वतःला सांगितलं. शाखेचं अजून ठरायचं होतं, सर खुशीत होते, आणि कंपनीच्या पत्रिकेत तिचा फोटो छापून येणार होता. तेही त्यात होतंच.

ऑक्टोबरच्या शेवटी शाखेला पाच वर्षं झाली म्हणून तुळजापूर रस्त्याच्या एका मंगल कार्यालयात कार्यक्रम ठेवला. पुण्याहून दोन बस भरून माणसं आली. घरच्यांनाही बोलावलं होतं. लक्ष्मम्मा सास्तूरहून पोराबरोबर आल्या, इरकली नेसून. शबनमनं त्यांना आपल्या शेजारी बसवलं. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तूच व्हय ती, डोस्क्यावर हात न्हेणारी? घरला आला की लई सांगतो तुजं."

भाषणं झाली. मोठ्या साहेबांनी धाराशिवच्या माणसांचं कौतुक केलं. मग बसवेशला मंचावर बोलावलं. त्याच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ आणि गुच्छ दिला. लक्ष्मम्मांनी पदर डोळ्याला लावला. सूत्रसंचालन करणारा तरुण पुण्याचा होता, हसरा, बोलघेवडा. तो म्हणाला, "ज्यानं आपल्या सगळ्यांना एक नवी भाषा दिली, त्याच्यासाठी आता आपण सगळे मिळून त्याच्याच भाषेत एकदा बोलू या. कुठली खूण, ते सांगायला नको."

मागच्या पडद्यावर ते चित्र आलं. नखाएवढं केलेलं चित्र भिंतीएवढं झालं होतं. ठिपके विटांसारखे मोठे दिसत होते. गाणं लागलं. समोरच्या सगळ्या खुर्च्यांतले हात वर गेले, तालावर थरथरले, आणि दीड-दोनशे तळहात एकदम खाली पडले. टाळीसारखा आवाज झाला. लोक खदखदून हसले आणि परत हात वर केले.

लक्ष्मम्मा आधी हसऱ्या तोंडानंच बघत होत्या. मग त्यांचं हसू गेलं. शबनमचा हात त्यांनी अजून सोडला नव्हता.

"हे काय करायलेत, पोरी?"

शबनमनं नजर मंचाकडं वळवली.

"माज्या लेकराची खूण हाय ती," लक्ष्मम्मा म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. जणू लोकांची काही तरी गफलत झालीय आणि ती सांगितली की थांबेल, अशा आवाजात. गाण्यात ते शबनमखेरीज कुणाला ऐकू गेलं नाही.

मंचावर बसवेश उभा होता. त्याला गाणं ऐकू येत नव्हतं, हसणंही. त्याला दिसत होते ते नुसते हात. समोरचं सगळं गाव पुन्हा पुन्हा कोसळत होतं आणि लोकांचे दात दिसत होते. त्याची नजर आईला शोधत होती. नारळ आणि गुच्छानं दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे त्याला काही म्हणताही आलं नाही.

लक्ष्मम्मा उठल्या आणि मधल्या वाटेनं चालत मंचापाशी गेल्या. पायऱ्या चढल्या नाहीत. खालूनच वर हात केला, लहान पोराला बोलावतात तसा. बसवेश उतरला. नारळ त्यानं मंचाच्या कडेला ठेवला. आईला गहिवरून आलं असेल, असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांतून दोघं माय-लेक दाराबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी बसवेश कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शबनमनं ते चित्र चॅटवरून काढून टाकलं, आपल्या संगणकातला कोडही पुसला. संध्याकाळपर्यंत पुण्यात कुणी तरी जपून ठेवलेली प्रत परत चढवली. तिनं ती काढायची विनंती केली, तर टोपीवाली आली. मग शबनम सरांकडं गेली आणि तिनं सगळं सांगितलं. भाऊ, भूकंप, सगळं. रणधीर सर खुर्चीत मागं टेकले.

"मला आधी का न्हाय सांगितलंस?" ते म्हणाले.

"चुकलं, सर. तुम्ही पुण्याला लिहा. सगळ्यांना कळू द्या."

"लिहितो. पण ह्या आठवड्यात नको. शाखेचं सोमवारी ठरणार हाय. आत्ताच आपल्याकडनं तक्रार गेली तर बरं दिसायचं न्हाय." त्यांनी तिच्याकडं न बघता टेबलावरची पेनं सरळ केली. "वीस घरांचा प्रश्न हाय, शबनम."

सोमवारी शाखा राहिली. सरांनी पुण्याला लिहिलं की नाही, हे तिला कळलं नाही. तिनं विचारलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी ती सास्तूरला गेली. धाराशिवहून लोहारा, तिथून दुसरी गाडी. गाव भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं, सरळ रस्त्यांचं, एकसारख्या घरांच्या रांगांचं. कुणाला तरी विचारल्याशिवाय घर सापडत नाही. बिराजदारांच्या दारात सोयाबीनचं काड पडलं होतं. लक्ष्मम्मा ओट्यावर शेंगा निवडत होत्या. तिला बघून त्यांनी सूप बाजूला सारलं.

"ये. बस. च्या टाकते."

"नको, अम्मा."

"येवढ्या लांबनं आलीस. नको कसं?"

बसवेश आत कॉटवर होता. बाहेर येऊन उंबऱ्यापाशी टेकला. मान हलवून त्यानं ओळख दिली. हात मांड्यांखाली दाबून धरले होते, थंडी वाजत असल्यासारखे, आणि थंडी तर नव्हती.

चहा झाल्यावर लक्ष्मम्मा आपणहून बोलायला लागल्या. "गौऱ्या तीन वर्साचा हुता. घरातलं काईच हाताला लागलं न्हाय. फोटू न्हाय, कपडा न्हाय. मागनं हा झाला. ह्याला कसं सांगायचं, तुला भाऊ हुता म्हणून? ह्याला नाव सांगून ऐकू जाईना, दावायला काई न्हाय. लई वर्सं म्या ती खूणच हुडकत हुते. मग एक दिस चुलीपुढं बसल्या बसल्या हात आपसूक तसे झाले. ह्यानं बघितलं. आन् रडला. त्या दिवशी पैल्यांदा ह्याला भाऊ कळला."

शबनम खाली बघत होती. "मी ते काढून टाकलं, अम्मा. पुसलं."

"तू पुसलंस. त्या लोकांच्या हातातनं कसं पुसशील?" त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं शबनमला वाटलं. "आन् एक सांगू का? तुज्या चितरात ते थांबतच न्हाय गं. पडतंय, उटतंय, परत पडतंय. आमचं एकदाच पडलं हुतं."

उंबऱ्यातून बसवेश दोघींच्या तोंडांकडं बघत होता. कशाबद्दल चाललंय ते त्याला कळत असावं.

"गेल्या सोमवारी पूजेला बसले," लक्ष्मम्मा म्हणाल्या. "दर सोमवारी गौऱ्याची याद काडतो आमी दोगं, देवापुढं. हात उचलला, तर ते मंगल कार्यालय डोळ्यापुढं आलं. समदी हसायलीत, गाणं लागलंय. हात तसाच खाली घेतला. ह्यानं पन न्हाय केला. आता आमी ती खूण करत न्हाय. दुसरी जुळवाया बगितली. जुळंना. आता त्या लेकराचं नाव घ्यायला आमच्यात हातच ऱ्हायला न्हाय."

कुत्रं आलं आणि काडात तोंड घालून गेलं. लक्ष्मम्मांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"नोकरीवर येणार का तो?" शबनमनं विचारलं.

"न्हाय. चुलत्याच्या मळणीयंत्रावर जातो उद्यापासनं. तितं बोलावं लागत न्हाय."

दिवस कलायच्या आत निघावं म्हणून ती उठली. लक्ष्मम्मांनी तिच्या पिशवीत पसाभर शेंगा टाकल्या. ती नको म्हणणार होती, पण त्यांच्याकडं बघून तिनं पिशवी पुढं धरली. बसवेशनं मोटारसायकल काढली आणि तिला लोहाऱ्याच्या स्टँडवर सोडायला निघाला. वाटेत दोन्ही बाजूंनी सोयाबीनच्या गंजी लागलेल्या होत्या. तो पुढं, ती मागं. त्याची पाठ तिला दिसत होती, आणि पाठीला काही सांगायचं तर कसं सांगणार?

स्टँडवर गाडी अजून लागली नव्हती. दोघं शेडखाली उभी राहिली. शबनमला त्याला सांगायचं होतं, माझं चुकलं. तीस खुणा तिनं एकेका ठिपक्यानं चित्रात उतरवल्या होत्या, बोटाचा वेग मोजून. माझं चुकलं, ही एक खूण तिला येत नव्हती. ऑफिसात ती कुणाला कधी लागलीच नव्हती, म्हणून तिनं कधी विचारलीही नव्हती. फोन काढून लिहावं असं वाटलं. पण त्या लिहिलेल्या वाक्यांतलं किती त्याच्यापर्यंत पोचतं, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

तिनं त्याच्यासमोर दोन्ही हात जोडले.

बसवेशनं तिच्या हातांकडं पाहिलं, मग तोंडाकडं. त्यांच्या घरात जोडलेले हात म्हणजे पाहुण्याचा निरोप, येतो आता. त्यानं मांडीवर हात पुसले आणि तसेच जोडले. रीतीप्रमाणं. मग आवारात शिरणाऱ्या धाराशिवच्या गाडीकडं बोट दाखवलं.

ती चढली. खिडकीपाशी जागा मिळाली. तो मोटारसायकलला टेकून गाडी सुटेपर्यंत थांबला. कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं तेव्हा ती बसवेशकडंच बघत होती. कंडक्टरला दोनदा विचारावं लागलं.